विश्लेषण : पद्मिनी ‘व्हिंटेज’ झाली, पण तिचा सायलेन्सर आणायचा कुठून?

‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मोटारीवर आले १९७४ मध्ये. म्हणजे या नावाच्या पहिल्या गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे आणि केंद्राच्या २०२१ च्या नियमानुसार त्या ‘व्हिंटेज’ वर्गात जाण्यास पात्र ठरू लागल्या आहेत. धाराशिवसारख्या जिल्ह्यात वडिलांची किंवा आजोबांची गाडी शेडमधून बाहेर काढून पुन्हा चालती करायची म्हटली, की आधी कागदपत्रांची चिंता लागते. कागदपत्रे बहुधा जमतात. कार्ब्युरेटर साफ होतो, बॅटरी नवी येते, इंजिनही कुरकुरत का होईना सुरू होते. आणि त्याच क्षणी गाडीखालून ट्रॅक्टरसारखा आवाज येतो, काळा पत्रा गळून पडतो आणि केबिनमध्ये धूर भरतो. कायदा चासी, बॉडी आणि इंजिन मूळचे आहे का, एवढेच विचारतो. गंज मात्र सर्वांत आधी एक्झॉस्टला लागतो आणि नेमका तोच भाग आता बाजारातून नाहीसा होत आहे.

५० वर्षांचा नियम काय सांगतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र पद्धत आणली. पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून ५० वर्षे पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. वर्ष मोजायचे ते गाडी कारखान्यातून निघाल्याचे नव्हे, नोंदणीचे. १९७६ मध्ये बनलेली पण जानेवारी १९७७ मध्ये नोंदलेली गाडी जानेवारी २०२७ मध्ये पात्र होते. दुसरी अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला चालत नाही.

अर्ज परिवहन पोर्टलवर नमुना २० मध्ये करायचा. सोबत विमा, जुने आरसी बुक आणि गाडी परदेशातून आणलेली असेल तर बिल ऑफ एन्ट्री जोडावे लागते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, पुढच्या फेरनोंदणीचे ५ हजार. प्रमाणपत्र ६० दिवसांत मिळावे आणि ते १० वर्षे चालते. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते.

जुन्या क्रमांकाच्या बाबतीत या जिल्ह्यात एक अडचण संभवते. ‘एमएच-२५’ ही मालिका १९८९ नंतरची. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येक गाडीचा क्रमांक त्याआधीचा, तीन अक्षरी पद्धतीचा असणार. जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याकडे होता, त्यामुळे त्याहून जुन्या एखाद्या गाडीचे कागद तर वेगळ्याच राज्याचे निघू शकतात. अशी नोंद ‘वाहन’ या संगणक प्रणालीत चढलेली नसेल तर आधी आरटीओत ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते. सुट्या भागांवर पैसे घालण्याआधी हे काम उरकलेले बरे. कागद न जुळणाऱ्या गाडीला नवा सायलेन्सर बसवून उपयोग काय?

व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि देखभाल, एवढ्यासाठीच तिला बाहेर काढण्याची मुभा आहे. आठवडी बाजाराला किंवा तुळजापूरला दर्शनाला न्यायची म्हणून कोणी ही नोंदणी करणार असेल, तर ती करू नये.

नियमात फेरबदलाच्या संदर्भात चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांची नावे आहेत, सायलेन्सरचे नाही. सायलेन्सर हा झिजणारा भाग आहे, टायरसारखा. तो मूळ रचनेप्रमाणे नवा बसवला म्हणून गाडीचे मूळपण गेले, असे म्हणता येणार नाही. मॅनिफोल्ड मात्र थेट इंजिनाला लागतो. तो काढून आवाजासाठी वेगळ्या धर्तीचा पाइप बसवला तर तपासणीत प्रश्न येऊ शकतो, म्हणून तिथे हात राखूनच काम करावे.

पन्नाशी अजून दूर असेल तर?

तर मधल्या दरीत अडकायला होते. गाडी १५ वर्षांची झाली की नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करायची. कारसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील कारसाठी ते १० हजार आणि मोटारसायकलसाठी २ हजार रुपये केले. मुदत उलटली तर कारला दरमहा ५०० रुपये विलंब शुल्काची तरतूद आहे. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. पीयूसी जुन्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी.

म्हणजे १९८५ ची पद्मिनी २०३५ पर्यंत ‘व्हिंटेज’ नाही, ती नुसती ‘जुनी गाडी’ आहे. तिच्या मालकाला सगळे शुल्क लागू आणि सवलत एकही नाही. हा नियम संग्राहकांना समोर ठेवून लिहिला गेला. घरातली एकच जुनी गाडी ठेवू पाहणारा माणूस त्यात कुठे बसत नाही.

दिल्लीतल्या बातम्या वाचून पसरलेला एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. १० वर्षांची डिझेल आणि १५ वर्षांची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणायची नाही, हे निर्बंध दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरते आहेत. धाराशिवमधील गाडी केवळ १५ वर्षे उलटली म्हणून भंगारात द्यावी लागत नाही; फेरनोंदणी आणि पीयूसी मिळत असेल तर ती चालवता येते.

सायलेन्सरच आधी का जातो?

पाण्यामुळे. आणि हे पाणी बाहेरून येत नाही. पेट्रोलमधल्या हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वाफ तयार होते. एक लिटर पेट्रोल जळले की ढोबळमानाने एक लिटर पाणी बनते. गाडी नीट तापलेली असेल तर ते वाफेच्या रूपाने मागून निघून जाते. थंड सायलेन्सरमध्ये मात्र वाफेचे थेंब होतात. धुरातले आम्लधर्मी वायू त्यात विरघळतात आणि हे पाणी सायलेन्सरच्या तळाशी साचून आतून पत्रा खात राहते. बाहेरून रंग शाबूत दिसतो, बोटाने दाबले की पत्रा आत जातो, तो यामुळेच.

‘गाडी उभी आहे, पण दर आठवड्याला पाच मिनिटे सुरू करून ठेवतो’ हे वाक्य जुन्या गाडीच्या मालकांकडून नेहमी ऐकू येते. बॅटरीला त्याचा फारसा फायदा नाही आणि सायलेन्सरला तर निव्वळ तोटा. पाच मिनिटांत इंजिन कोमट होते, पण मागचा सायलेन्सर थंडच राहतो. प्रत्येक वेळी आणखी थोडे पाणी आत जाते, बाहेर काही येत नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे प्रत्यक्ष रस्त्यावर चालवलेली बरी, नाही तर सरळ बंद ठेवलेली बरी.

अनेक मूळ सायलेन्सरना सर्वांत खालच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरचे एक भोक असते. ते साचलेले पाणी गळून जावे म्हणून ठेवलेले असते. ‘इथून लीक आहे’ म्हणत गॅरेजमध्ये त्यावर वेल्डिंगचा टिपका दिला जातो आणि सायलेन्सरचे आयुष्य तिथेच घटते.

धाराशिवची हवा कोरडी. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीच्या तुलनेत इथल्या शेडमधल्या गाडीचा तळपत्रा बऱ्याचदा चांगला निघावा. पण आतून लागणाऱ्या गंजाला हवामानाशी देणेघेणे नाही. शेडमध्ये आणखी एक शत्रू असतो, उंदीर. टेल पाइपमधून आत शिरून घरटे केलेले असू शकते. लांब मुदतीसाठी गाडी ठेवताना टेल पाइपला चिंध्यांचा बोळा लावावा आणि तो लावल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधावी.

भर म्हणून आता इंधनही बदलले आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते; ते उसापासून बनवणारे कारखाने याच जिल्ह्यात आहेत. इथेनॉल पाणी धरून ठेवते आणि स्वतःबरोबर ऑक्सिजन आणते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत त्यामुळे मिश्रण पातळ होते. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडचा आकडा कमी दिसतो, पण व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड जास्त तापू शकतात. जेट बदलून किंवा स्क्रूने मिश्रण जुळवून घेतल्याशिवाय नव्या एक्झॉस्टवर खर्च करणे म्हणजे अर्धेच काम.

मूळ भाग मिळेनासे का झाले?

याचे उत्तर सोलापूर, कुर्ला आणि मुंबईच्या टॅक्सी स्टँडवर सापडते.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन केली ती वालचंद हिराचंद यांनी. त्यांचा जन्म शेजारच्या सोलापुरातला, १८८२ चा. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकी गाड्यांची जुळणी झाली, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ आली. तीच गाडी पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. नाव बदलले तरी १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन तेच राहिले. म्हणूनच लोक आजही पद्मिनीला ‘फियाट’ म्हणतात आणि सुटे भाग शोधताना ही सवय कामाला येते.

पद्मिनीचे उत्पादन शतकाच्या अखेरीस थांबले, पण तिचे सुटे भाग त्यानंतरही वीसेक वर्षे सहज मिळत राहिले. कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी. टॅक्सी दिवसभर धावते, तिचा सायलेन्सर दीड-दोन वर्षांत उतरतो आणि हजारो टॅक्सी असतील तर छोट्या कारखानदारालाही साचा ठेवून माल काढत राहणे परवडते. हौशी मालक दहा वर्षांतून एकदा एक सायलेन्सर घेतो. त्याच्यासाठी कोणी साचा ठेवत नाही. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत आठवणींचे रकाने भरले. सुट्या भागांच्या बाजारासाठी मात्र तो दिवस शेवटचे मोठे गिऱ्हाईक गेल्याचा होता. आता जे मिळते ते दुकानांच्या माळ्यावरचे उरलेले.

ॲम्बेसेडरची कथा वेगळी नाही. उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये थांबला. कोलकात्याच्या पिवळ्या टॅक्सींमुळे तिचा माल अजून थोडा टिकून आहे, पण तिथेही १५ वर्षांची मर्यादा लागू असल्याने त्या टॅक्सी वेगाने कमी होत आहेत. ज्यांच्याकडे ॲम्बेसेडर आहे त्यांनी एखादा जास्तीचा सायलेन्सर घेऊन ठेवण्याची वेळ हीच.

धाराशिवहून शोध घ्यायचा कसा?

पहिली गोष्ट, जुना सायलेन्सर कितीही कुजलेला असला तरी भंगारवाल्याला देऊ नये. तोच साचा आहे. त्याची लांबी, गोलाई, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपचा बाहेरचा व्यास, दोन्ही तोंडे मध्यावर आहेत की एका बाजूला, लटकवायच्या पट्ट्यांची जागा, हे सगळे त्यावरून मोजता येते. पट्टी ठेवून चारही बाजूंनी काढलेले फोटो आणि ही मापे दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवली तर निम्म्या फेऱ्या वाचतात. ‘फियाटचा सायलेन्सर आहे का?’ एवढ्या प्रश्नाला ‘आहे’ हेच उत्तर मिळते. घरी आणल्यावर तो दुसऱ्याच गाडीचा निघतो.

ॲम्बेसेडरच्या मालकांना तर हा प्रश्न अधिकच जपून विचारावा लागतो. जुने १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, डिझेल इंजिन आणि नंतरचे इसुझूचे १८०० सीसी इंजिन या तिन्ही गाड्या बाहेरून बहिणी दिसतात, पण मॅनिफोल्डपासून निघणारा पुढचा पाइप वेगवेगळा आहे.

शोधाची सुरुवात सोलापुरातून. धाराशिव शहरापासून ते सत्तरेक किलोमीटरवर आहे आणि जुन्या दुकानांच्या माळ्यांवर अजून काही सापडू शकते. भूम-परंड्याकडच्यांना आधी बार्शी जवळ. उमरग्याकडच्यांना पुणे-हैदराबाद महामार्गामुळे हैदराबादची बाजारपेठही परकी नाही. पुण्यात नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने, मुंबईत ऑपेरा हाउस परिसर नव्या मालासाठी आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड वापरलेल्या मालासाठी, हे ठरलेले रस्ते आहेत. कुर्ल्यात तोडलेल्या टॅक्सीचा मॅनिफोल्ड मिळाला तर घ्यावा. तो जाड बिडाचा असतो आणि सहसा कुजत नाही. तिथला वापरलेला सायलेन्सर मात्र घेऊ नये. तो आपल्याच सायलेन्सरचा मोठा भाऊ असतो.

‘जुना पण न वापरलेला माल’ म्हणून जो विकला जातो त्याबाबतही सावध राहावे. तीस वर्षे माळ्यावर पडलेला सायलेन्सर हातात घेऊन हलवून पाहावा. आत काही खुळखुळले तर आतला पडदा सुटलेला आहे. आणि समाजमाध्यमांवरच्या गटांत फोटो पाहून आगाऊ पैसे पाठवण्याची घाई नको. व्हिडीओ कॉलवर वस्तू दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे बहुधा वस्तू नसते.

परदेशातून मागवता येतो का? येतो. ॲम्बेसेडर मुळात ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली आणि पद्मिनी इटलीच्या फियाट ११०० डी वरून. दोन्ही देशांत जुन्या गाड्यांचे भाग बनवणारे व्यावसायिक आहेत. पण इटलीतल्या गाडीचे स्टिअरिंग डावीकडे, आपले उजवीकडे, त्यामुळे पुढच्या पाइपचे वळण जुळेलच असे नाही, हे मागवण्याआधी विचारून घ्यावे. सायलेन्सर ही मोठी, पोकळ वस्तू असल्याने विमानाचे भाडे आकारमानावर लागते. त्यावर सीमाशुल्क आणि आयजीएसटी. देशात वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के झाला, पूर्वी बहुतेक भागांवर तो २८ होता.  गॅस्केट, क्लॅम्प, रबर हँगर अशा छोट्या वस्तूंसाठी परदेशी पार्सल परवडते. सायलेन्सरसाठी बहुतेकांना ते परवडणार नाही.

मग इथेच बनवून घेतला तर?

बहुतेकांसाठी हाच खरा मार्ग आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ट्रॅक्टर-ट्रॉली, शेतीची अवजारे, साखर कारखान्यांची दुरुस्ती यामुळे जिल्ह्यात वेल्डिंग आणि लेथची कामे करणारे हात आहेत. त्यांना काय सांगायचे, हे मालकाला माहीत हवे.

आधी धातू. साधा पोलादी पत्रा स्वस्त, पण वर सांगितलेल्या कारणाने लवकर जातो. कंपन्यांच्या एक्झॉस्टमध्ये सहसा ‘४०९’ या प्रतीचे स्टेनलेस वापरतात. ‘३०४’ त्याहून गंजरोधक आणि महाग. रेलिंग आणि गेटसाठी जे स्टेनलेस सर्रास मिळते ते बऱ्याचदा ‘२०२’ असते; ते दिसायला चकचकीत, पण उष्णता आणि आम्लपाण्यात ३०४ इतके टिकत नाही. यात लोहचुंबकाची परीक्षा फसवी ठरते. ‘चुंबक चिकटला म्हणजे लोखंड’ असे समजून अनेक जण माल परत करतात, पण एक्झॉस्टसाठीच बनलेल्या ४०९ ला चुंबक चिकटतो. उलट ३०४ आणि २०२ दोन्हींना तो सहसा चिकटत नाही. म्हणून चुंबकावर नाही, बिलावर लिहिलेल्या प्रतीवर भर द्यावा. पाइपसाठी १६ गेज, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाडी पुरेशी होते.

मग वळण. साध्या बेंडिंगमध्ये पाइप वळणावर चेपतो आणि धुराची वाट अरुंद होते. पाइपमध्ये कोरडी वाळू ठासून, दोन्ही तोंडे बंद करून तापवत वळवण्याची जुनी पद्धत इथल्या कारागिरांना ठाऊक असते. वाळू पूर्ण कोरडी हवी. ओली असेल तर वाफेने तोंडाचे बूच उडून इजा होऊ शकते. नाही तर तयार वळणे विकत आणून जोडणे सोपे.

सायलेन्सरच्या आत काय आहे हे न पाहता बाहेरून तसाच डबा बनवला तर फसगत होते. आत भोकांची नळी आणि आडवे पडदे असतात. धूर त्यांतून फिरत जातो आणि आवाज मरतो. जुना सायलेन्सर ग्राइंडरने उभा कापून आतली रचना पाहावी आणि तीच करावी. व्यासही मूळचाच ठेवावा. मोठा पाइप टाकला की ‘पिकअप वाढतो’ हा समज १०८९ सीसीच्या इंजिनाला लागू होत नाही. आवाज तेवढा वाढतो.

मॅनिफोल्डला चीर असेल तर गोष्ट वेगळी. तो बिडाचा असतो. बीड थंड असताना साध्या रॉडने वेल्ड केले तर शेजारी नवी चीर पडते. निकेलचा रॉड, आधी तापवणे आणि नंतर राखेत किंवा कोरड्या वाळूत सावकाश थंड करणे, एवढे येणारा कारागीरच त्यासाठी गाठावा. मॅनिफोल्ड काढताना स्टड तुटतात. दोन दिवस आधीपासून तेल सोडून ठेवले तर निम्मे वाचतात. बोल्ट घेताना ध्यानात ठेवायचे, की फियाटचे आटे मेट्रिक, ॲम्बेसेडर आणि विलिसच्या घराण्यातल्या जीपचे इंची. ‘बसतोय जवळजवळ’ म्हणून घट्ट केलेला मेट्रिक नट इंची स्टड खराब करतो. आणि मॅनिफोल्डची जुनी पॅकिंग ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती कोरडी खरवडू नये. ओली करून काढावी, तोंडाला मास्क लावावा.

कायदा आणि जीव, दोन्ही कुठे अडकतात?

प्रत्येक मोटार वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, असे नियम १२० सांगतो. एक्झॉस्टचा पाइप पेट्रोलच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत नको, असाही नियम आहे आणि घरी बनवलेल्या पाइपमध्ये नेमके हेच अंतर विसरले जाते. आवाज आणि वायुप्रदूषणाच्या मर्यादा मोडून गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार कमाल १० हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिन्यांसाठी परवान्यावर टाच, अशी तरतूद आहे. बुलेटच्या फटाका सायलेन्सरवर शहरांत रोडरोलर फिरवला जातो तो याच रोखाने. जुन्या गाडीच्या फुटक्या सायलेन्सरलाही तेच कलम लागू होते.

पीयूसीच्या जुन्या निकषानुसार अशा पेट्रोल कारच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालते. महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल कारना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याआधीच्या गाडीत तो नसतो आणि बसवण्याची अपेक्षाही नाही. व्हिंटेज नोंदणी झाली म्हणून रस्त्यावर विमा आणि पीयूसी बाळगण्याची जबाबदारी संपते, असे समजू नये. गंमत अशी, की फुटका सायलेन्सर पीयूसीत ‘पास’ व्हायला मदतच करतो. भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते, धूर पातळ होतो आणि आकडा कमी येतो. त्यामुळे ‘पीयूसी निघाली, म्हणजे एक्झॉस्ट ठीक’ हा हिशेब चुकीचा आहे.

आणि धोका खरा इथे आहे. कन्व्हर्टर नसलेल्या गाडीच्या धुरातला ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड म्हणजे दर दहा लाख भागांत ३० हजार भाग. श्वासाच्या हवेत हजारात दीड-दोन भाग असला तरी तास-दोन तासांत माणूस दगावू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. मॅनिफोल्डची पॅकिंग फुटलेली, सायलेन्सरला भोक आणि तळपत्राही गंजलेला, अशा गाडीत तो खालून थेट केबिनमध्ये येतो. डोके जड होणे, मळमळ, झापड ही लक्षणे उन्हामुळे किंवा प्रवासामुळे आली असे वाटते. लग्नाच्या वरातीसाठी जुनी गाडी सजवून काचा बंद करून तासभर हळूहळू चालवणे आणि बंद शेडमध्ये इंजिन सुरू ठेवून काम करणे, हे दोन प्रसंग विशेष जपण्याचे. शेडची दोन्ही दारे उघडी ठेवावीत. इंजिन थंड असताना सुरू करून, टेल पाइपचे तोंड जाड ओल्या कापडाने क्षणभर दाबले तर गळती कुठून आहे ते फुसफुस आवाजाने कळते. एवढी तपासणी उघड्यावर करावी आणि हात तापण्याआधी बाजूला घ्यावा.

जीप आणि दुचाकींचे काय?

ग्रामीण भागात कारपेक्षा जीपच जास्त. महिंद्राने १९४७ पासून विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि त्या घराण्यातील गाड्या पुढे अनेक दशके बनत राहिल्या, त्यामुळे सायलेन्सर मिळणे तुलनेने सोपे. अडचण वेगळीच असते. अनेक पेट्रोल जीपमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवले गेले आणि त्याचा एक्झॉस्ट तेव्हाच गॅरेजमध्ये बनवलेला होता, म्हणजे त्याचा ‘मूळ’ भाग अस्तित्वातच नाही. आरसी बुकात इंधन ‘पेट्रोल’ आणि बॉनेटखाली डिझेल असेल तर आधी ती नोंद सरळ करावी लागेल. अशी जीप मूळ इंजिनाच्या अटीवर व्हिंटेज वर्गातही बसणे कठीण.

जावा-येझदी म्हैसूरच्या कारखान्यात १९९६ पर्यंत बनल्या. त्यांचे सायलेन्सर आजही नव्याने बनवून विकले जातात, कारण चाहते पुरेसे आहेत. पण टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सरची लांबी आणि आतली रचना थेट ताकदीवर परिणाम करते. नुसते दिसायला तसे असून भागत नाही. जुन्या चेतकसारख्या स्कूटरचा सायलेन्सर गंजण्याआधी तेलकट काजळीने तुंबतो. तो नवा घेण्याआधी साफ करून पाहावा.

दुरुस्तीचा हक्क इथे उपयोगी पडेल का?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे. सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी ग्राहकाला द्यावी, हा त्याचा रोख. चालू कंपन्यांच्या गाड्यांसाठी ते उपयोगी आहे. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या सुरुवातीला थांबले, पण कंपनी आहे, विचारायला दार आहे. पद्मिनी बनवणारा कारखानाच आता गाड्या बनवत नाही. तिथे हक्क मागायचा कोणाकडे?

उरतात ती रेखाचित्रे. ज्याच्याकडे मूळ सायलेन्सर अजून बऱ्या अवस्थेत आहे, त्याने तो कापण्याआधी मापांसह कागदावर उतरवून घेतला आणि ती पाने सोलापूर-धाराशिवच्या दोन-तीन फॅब्रिकेशनवाल्यांकडे ठेवली, तर पाच-दहा मालक मिळून एकदम ऑर्डर देऊ शकतात. एक सायलेन्सर बनवायला जो वेळ मोजमापात जातो, तो दहांमध्ये वाटला गेला की दर उतरतो. अखेरच्या वर्षांतल्या पद्मिनी पन्नाशीला पोहोचायला २०५० उजाडेल. एक सायलेन्सर जपून वापरला तर दहा वर्षे टिकतो असे धरले, तरी तोपर्यंत त्या प्रत्येक गाडीला किमान दोन-तीन लागणार आहेत.